भट्टीचा खोकला

दिवाळी तोंडावर आली की विदर्भातल्या खेड्यांत अजूनही काही घरांच्या भिंतींना चुना लागतो. कळीचा चुना पिंपात टाकून वर पाणी ओतलं की खडे तडकतात, वाफ उसळते, पिंपाला हात लावला तर चटका बसतो. निवलं की त्या पांढऱ्या दुधात चिमूटभर नीळ घालायची आणि कुंचला फिरवायचा. या चुन्याचं एक गाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीजवळचं राजूर. इथं जमिनीत चुनखडी आणि शेजारीच कोळसा; भट्ट्या पेटायला आणखी काय हवं? ओल्या चुन्याचा सामू 12च्या वर असतो, त्यात बहुतेक जंतू टिकत नाहीत. आपल्या आज्यांना सामू ठाऊक नव्हता, पण घरातलं आजारपण सरलं की भिंतींना चुना द्यायचा, हे पक्कं ठाऊक होतं.

क्षयाच्या जंतूपुढे मात्र हा उपाय लंगडा पडतो. तो भिंतीवरून चढत नाही. माणसाच्या खोकल्यातून हवेत येतो आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो.

खाणीत किंवा भट्टीवर राबणारा माणूस खोकू लागला की ‘धुळीचा आहे’ म्हणून विषय संपतो. संपवणारा बहुतेक वेळा तो स्वतःच. त्यात अर्धं खरं आहे. चुन्याच्या धुळीनं घसा आणि श्वासनलिका चुरचुरतात. पण दगडाला भोकं पाडताना उडणारी सिलिकाची धूळ निराळी. फुप्फुसात शिरलेले जंतू गिळून टाकणाऱ्या पेशी असतात. ही बारीक धूळ त्या पेशींनाच मारते. म्हणून सिलिकोसिस झालेल्या माणसाला टीबीचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. धुळीचा की टीबीचा, हा प्रश्नच फसवा आहे. पहिला खोकला दुसऱ्याला दार उघडून देतो.

रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू सापडल्याचं 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं आपली मुख्य भिस्त काचपट्टीवर होती. बेडका काचेवर पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली लालसर काड्या शोधायच्या. त्या दिसायला एका मिलीलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू लागतात. त्याहून कमी असले तर रिपोर्ट ‘निल’ आणि रुग्ण खोकत घरी. जंतू वाढवून पाहावा तर हा स्वभावानं आळशी: एकाचे दोन व्हायला त्याला 18 ते 20 तास लागतात. कल्चरचा निकाल यायला काही आठवडे जात, कोणतं औषध चालेल हे कळायला आणखी.

हे गणित बदललं ते दुसऱ्याच एका जंतूमुळे. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूची नोंद 1969 साली झाली. त्याचं विकर तापलं तरी बिघडत नाही. कॅरी मुलिसनं 1983 साली डीएनएच्या प्रती काढण्याची पीसीआर ही युक्ती शोधली. या विकरामुळे ती यंत्रात बसवता आली. चुनखडीचा चुना व्हायला 900 अंशांच्या आसपास आच लागते. डीएनएची वीण उसवायला 95 अंश पुरतात. तापवायचं, निववायचं, पुन्हा तापवायचं. दर फेरीला प्रती दुप्पट.

गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ‘ट्रूनॅट’ हे यंत्र नेमकं हेच करतं, तेही बॅटरीवर, टेबलाच्या कोपऱ्यात मावेल एवढ्या जागेत. चिकट बेडका द्रावण घालून पातळ करायचा, त्यातला डीएनए वेगळा काढायचा आणि त्याचा थेंब चिपवर सोडायचा. टीबी आहे की नाही, हे तासाभरात कळतं. असेल तर दुसरी चिप रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल का ते सांगते. क्षयजंतूच्या सुमारे 4,000 जनुकांपैकी एकातला 81 अक्षरांचा तुकडा त्यासाठी तपासायचा असतो. वातानुकूलित प्रयोगशाळा लागत नाही, आणि वीज जाणाऱ्या तालुक्याला यापेक्षा मोठा दिलासा कोणता? 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेनं या चाचणीची शिफारस केली.

औषधांची गोष्ट जास्त कडू आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या हट्टी टीबीसाठी पूर्वी महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत आणि त्यांनी कान जात. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचं ऐकणं या उपचारांतच गेलं. जंतूचा ऊर्जापुरवठाच तोडणाऱ्या बेडाक्विलिन या गोळीचं पेटंट लांबू नये म्हणून त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह भारतात हरकत घेतली आणि मार्च 2023मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. 2024 साली केंद्र सरकारनं बेडाक्विलिनसह चार औषधांच्या उपचाराला मंजुरी दिली. इंजेक्शन नाही, आणि दीड-दोन वर्षांचा कोर्स सहा महिन्यांवर.

तरीही मला सर्वांत मोठी वाटते ती किराणा दुकानातली बातमी. झारखंडमध्ये, म्हणजे तिथंही खाणीच, रुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. त्यांच्यात नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. ‘लॅन्सेट’नं 2023 साली हे छापलं. यवतमाळसारख्या तूर पिकवणाऱ्या जिल्ह्यानं हा आकडा भिंतीवर लिहून ठेवायला हवा. रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून महिन्याला 1,000 रुपये मिळतात, तेही नोव्हेंबर 2024पासून. आधी 500 होते.

यंत्र तासात बोलतं, पण बेडक्याची डबी त्याच्यापर्यंत पोचायला हवी. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, मग तो भट्टीचा असो, खाणीचा असो की बिडीचा, तर सरकारी दवाखान्यातून डबी घेऊन या. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, मोकळ्या हवेत उभे राहा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून आलेला बेडका डबीत टाका. तोंडातली थुंकी चालत नाही.