एकवीस ऑक्टोबर, चांद्याकडून पाहिलेला

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर 'दिनविशेष' नावाचा एक चौकोन असतो. २१ ऑक्टोबरच्या चौकोनात साधारण हेच सापडते : १८०५, ट्रफाल्गरची लढाई आणि नेल्सनचा मृत्यू. १८३३, आल्फ्रेड नोबेलचा जन्म. १९३१, शम्मी कपूरचा जन्म. १९४३, सिंगापुरात सुभाषबाबूंनी केलेली आझाद हिंद सरकारची घोषणा. १९५१, भारतीय जनसंघाची स्थापना. २०१२, यश चोप्रा गेले. एडिसनच्या दिव्याची यशस्वी चाचणीही याच दिवसाच्या नावावर लावतात, साल १८७९.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत हा चौकोन वाचणाऱ्या माणसाला नेल्सनचे फारसे काही पडलेले नसते. हलक्या धानाची कापणी तोंडावर आलेली असते, दिवाळीनंतर मंडया भरणार असतात आणि झाडीपट्टीच्या नाटकांच्या तारखा ठरत असतात. पण त्याच दिवशी त्याच्या दोन बाजूंना दोन मानवंदना चालू असतात. नैर्ऋत्येला चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहात लोक हार घेऊन जातात. पूर्वेला गडचिरोलीत पोलीस शोकशस्त्र करून उभे राहतात. दोन्ही कार्यक्रमांचा दिवस एकच, कारणे शंभर वर्षांच्या अंतरावरची.

पहिले कारण बाबुराव पुल्लेसूर शेडमाके. जन्म १२ मार्च १८३३, म्हणजे नोबेलच्याच साली. अहेरीच्या बाजूला मोलमपल्लीची छोटी जमीनदारी, गोंड घराणे. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि त्याबरोबर चांदाही (आजचे चंद्रपूर) कंपनीकडे गेला. म्हणजे १८५८ मध्ये बाबुरावांनी शस्त्र उचलले, तेव्हा या जंगलात इंग्रजी अंमल अवघा चार वर्षांचा होता. जमीनदारांना वरचा मालक बदलल्याचे कळले होते. तो मालक आपल्या गावातही हुकूम चालवणार, हे नुकते कळू लागले होते. बाबुरावांच्या 'जंगोम दला'त गोंड होते, माडिया होते, रोहिलेही होते. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा घेतला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रायटन याने फौज पाठवली आणि १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ गाठ पडली. इंग्रजी फौजेला मागे हटावे लागले. जन्मतारीख खरी धरली तर पंचविशी पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीचा हा विजय. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव येऊन मिळाले, आणि सगणापूर, बामणपेठ अशा लढाया होत गेल्या.

२९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला टेलिग्राफच्या कामावरच्या माणसांच्या तळावर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटला आणि बातमी क्रायटनपर्यंत पोचली. मला या सगळ्या कहाणीत हा प्रसंग सर्वात महत्त्वाचा वाटतो. तलवारीपेक्षा तारेने जास्त राज्य राखले, हे उठावकऱ्यांनाही समजले असावे; आणि राज्यकर्त्यांना तर त्यापुढे डोळ्यावर पट्टी बांधणे शक्यच नव्हते. क्रायटनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. घरचेच लोक कामी लावण्याची ही युक्ती जुनी, पण लागू पडली. १८ सप्टेंबरला बाबुराव पकडून चांद्याला आणले गेले, खटला उरकला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले, १८६० मध्ये हाती लागले आणि जन्मठेपेवर सुटले.

ही तारीख एवढी पक्की कशी राहिली, याचे उत्तर अवघड नाही. फाशी देणाऱ्याने ती नोंदली. ज्या दप्तराने बाबुराव संपवले, त्याच दप्तराने त्यांचा दिवस जपून ठेवला. त्यांच्या बाजूने लिहिणारा कारकून नव्हता. तो दिवस गुरुवार होता. चंद्राचे चक्र मागे मोजत गेले तर कोजागरी अगदी तोंडाशी आलेली दिसते, म्हणजे त्या रात्री चांद्याच्या परकोटावर जवळजवळ पूर्ण चंद्र असणार. त्याच महिन्यात डोनाटीचा धूमकेतू जगभर नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. युरोपात त्याची चित्रे काढली गेली. चांद्यात त्याचा काय अर्थ लावला गेला असेल, त्याची कल्पनाच करायची. शेंडीचा तारा दिसला की राजावर संकट, एवढे तर आपल्या आजीलाही ठाऊक असते.

दुसरी मानवंदना १९५९ ची. लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जजवळ आदल्या दिवशी गस्तीवर गेलेले काही जण परतले नाहीत. पोलीस अधिकारी करमसिंग यांच्या तुकडीने २१ ऑक्टोबरला त्यांचा शोध सुरू केला. चिनी सैनिकांनी वरच्या बाजूने गोळीबार केला आणि आपले दहा पोलीस पडले. तेव्हापासून देशभर हा पोलीस स्मृतिदिन. दिल्लीत चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे उद्घाटनही २०१८ मध्ये याच तारखेला झाले. पण गडचिरोलीत हा दिवस लडाखचा राहत नाही. वाचल्या जाणाऱ्या नावांमागे माओवाद्यांच्या हल्ल्यातले मरकेगाव आहे, ८ ऑक्टोबर २००९ चे लाहेरी आहे, जिथे एका दिवसात सतरा पोलीस गेले, १ मे २०१९ चे जांभुळखेडा आहे. महाराष्ट्र दिन साजरा होत असताना तिथे पंधरा पोलीस आणि त्यांचा वाहनचालक भूसुरुंगात गेले. त्यानंतर १ मे म्हटले की गडचिरोलीला दुसरेही काही आठवते. २०२४ मध्ये स्मृतिदिनाच्याच दिवशी कोपर्शीच्या जंगलात चकमक होऊन पाच माओवादी मारले गेले. तारीख निवडायला कोणी बसले नव्हते.

राज्याविरुद्ध लढून फासावर गेलेला एक गोंड जमीनदार आणि राज्यासाठी लढता लढता मारले गेलेले पोलीस, ज्यांतले कितीतरी याच जंगलातल्या आदिवासी घरांतले. कोणाला यात विसंगती दिसेल. मला ती कॅलेंडरची दिसते, माणसांची नाही. एका घरात दोन्ही फोटोंना हार घालणारे लोक या भागात आहेत, आणि त्यांना त्यात काही अडचण वाटत नाही.

मरणाच्या तारखा अशा पक्क्या, पण जन्माच्या? ग्रामीण महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या कोणाचाही दाखला काढा : १ जून नाही तर १ जुलै. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराच्या उंचीकडे पाहून तारीख टाकली, वय बसले, काम झाले. धान रोवताना जन्मला, मोहफुले वेचताना जन्मला, एवढेच आईला सांगता येत होते, आणि ते खरे होते. फक्त रकान्यात बसत नव्हते.

शेजारच्या चिमूरची गोष्ट याला पुष्टी देते. १६ ऑगस्ट १९४२ ची क्रांती पुस्तकात तारखेने आहे, पण जुने लोक तिला 'नागपंचमी' म्हणायचे. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापलेला तो जमाव सणाच्या दिवशी रस्त्यावर होता. बालाजी रायपूरकर पोलिसांच्या गोळीने गेला, चार अधिकारी-कर्मचारी जमावाच्या हातून मेले. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही त्याच नागपंचमीला रक्त सांडले. त्यानंतर चिमूरमध्ये सरकारी फौजेने केलेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी त्रेसष्ट दिवस उपाशी राहिले. दिनविशेषाच्या चौकोनात त्या तारखेला रामकृष्ण परमहंस आणि अटलबिहारी वाजपेयी यांचे देहावसान छापतात, जागा उरली तर चिमूर.

सिंदेवाहीची स्वतःची तारीख ३ जून मानायला हरकत नाही. २०१८ च्या त्या दिवशी गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये दादाजी खोब्रागडे वारले. चौकोनात त्या दिवशी गोपीनाथ मुंडे (२०१४) असतात आणि फाळणीची माउंटबॅटन योजना (१९४७). नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे शेतकरी असलेल्या दादाजींना १९८३ मध्ये शेतात 'पटेल-३' धानाच्या तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी बारीक, सुगंधी वाण उभे केले. व्यापाऱ्याने त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला 'एचएमटी' म्हटले. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाहीतल्या संशोधन केंद्राकडून त्यांच्याकडचे बियाणे नेले गेले आणि १९९८ मध्ये विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' प्रसारित केले. आपण शुद्धीकरण करून सुधारित वाण काढले, असे विद्यापीठाचे म्हणणे. श्रेय आणि मोबदल्याबद्दल दादाजींची तक्रार शेवटपर्यंत राहिली. तिच्या बाजूने माझा कल आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. राष्ट्रपती कलामांच्या हस्ते २००५ मध्ये त्यांना पुरस्कार मिळाला, पण धानाच्या पोत्यावर त्यांचे नाव नव्हते.

इथले तालुक्याचे छापखाने दरवर्षी दिनदर्शिका काढतात, मुहूर्त आणि जाहिरातींसह. त्यात या नोंदी सहज बसतील. १२ मार्च, बाबुरावांचा जन्म. २००९ मध्ये याच दिवशी त्यांचे टपाल तिकीट निघाले. २९ एप्रिल, चिंचगुंडी. ३ जून, दादाजी. १६ ऑगस्ट, चिमूर. २६ ऑगस्ट १९८२, चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा. २१ ऑक्टोबरला दोन्ही मानवंदना. आणि २९ एप्रिलच्या घरात गार्टलंड व हॉल ही नावेही छापावीत, कारण तारा ओढायला आलेले नोकरदार होते ते, आणि बाबुरावांना मोठे करण्यासाठी त्यांना गाळायची गरज नाही.