डोळ्यात रक्त उतरलं, तर मागचा पडदा कसा बघायचा?

गोंदिया-भंडारा म्हणजे तलावांचा मुलूख, तेव्हा बोडीपासूनच सुरुवात करू. पावसानं बोडीचं पाणी गढूळ झालं की कितीही टॉर्च मारा, तळ दिसत नाही. मग आपण बांबू घालून बघतो. डोळ्याची सोनोग्राफी, म्हणजे बी-स्कॅन, हा असाच बांबू आहे, फक्त आवाजाचा.

डोळ्याच्या आत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो. त्याच्या मागं दृष्टिपटल, म्हणजे आपण ज्याला ‘पडदा’ म्हणतो तो. जुना मधुमेह असेल, मार लागला असेल किंवा पडदा फाटला असेल, तर या जेलीत रक्त उतरतं. अचानक काळे ठिपके, जाळं, मग अंधार. बहुतेक वेळा दुखत काहीच नाही, म्हणून माणूस घरी थांबतो. धानाची कापणी सुरू असेल तर हमखास थांबतो.

डॉक्टर भिंगातून बघतात, तर समोर नुसतं रक्त. खरा प्रश्न पुढंच आहे: त्यामागचा पडदा जागेवर आहे का?

मिटलेल्या पापणीवर जेल लावून प्रोब ठेवतात. लहरी साधारण १० मेगाहर्ट्झच्या. त्या खोल जात नाहीत, पण चित्र बारीक देतात. आणि डोळा पुढून मागं जेमतेम २४ मिलिमीटर, त्यामुळे पुरतं. ही पद्धत १९५८ साली अमेरिकेत बॉम आणि ग्रीनवुड यांनी मांडली.

मग पेशंटला सांगतात, ‘डोळा फिरवा, आता थांबा.’ ताजं रक्त बारीक ठिपक्यांसारखं दिसतं आणि डोळा थांबला तरी हेलकावत राहतं. सुटलेला पडदा जाड, चमकदार रेषेसारखा दिसतो, कमी हलतो आणि मागं डोळ्याच्या नसेपाशी धरून असतो. जेलीचं आवरण सुटलं तरी रेघ दिसते, पण ती फिकट आणि जास्त झुलणारी. इथं बघणारा अनुभवी हवा. डोळा फुटल्याची शंका असेल, तर मात्र प्रोबचा दाब देत नाहीत.

पडदा जागेवर असेल, तर बऱ्याचदा डोकं उंच ठेवून झोपायचं, रक्त ओसरायची वाट बघायची आणि स्कॅन पुन्हा करायचं. पडदा सुटला असेल, तर वाट बघणं म्हणजे नजर घालवणं. तेव्हा ऑपरेशनसाठी त्याच दिवशी नागपूरची गाडी धरावी.

म्हणून देवरी असो की सालेकसा, डोळ्यात रक्त उतरलंय असं कळलं की डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘मागचा पडदा बघितला का?’