बाबा घरी जातो म्हणून निघाले...

अकोल्याच्या कापड गिरण्यांचे भोंगे बंद होऊन कितीतरी वर्षे झाली. पण आमच्या वस्तीतल्या एका बाबांना तो भोंगा अजूनही ऐकू यायचा. पहाटे उठायचे, रिकामा डबा उचलायचे आणि "पयली पाळी हाय" म्हणत दाराकडे निघायचे. सून हात धरून त्यांना परत आणायची. घरचे म्हणायचे, साठी बुद्धी नाठी, दुसरे काय! एके दिवशी दार उघडे राहिले आणि बाबा गेले.

मुलाने सारे नातेवाईक पालथे घातले. कुणीतरी सांगितले की चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस नोंद घेत नाहीत. तो दिवस तसाच गेला. बाबा इकडे रेल्वेत बसून बडनेऱ्याला उतरले होते. फलाटावरचा एक चहावाला त्यांना चहा-पाव देत होता. "बाबा, गाव कोणतं?" असे विचारले की ते लहानपणी सोडलेल्या खेड्याचे नाव सांगत. अकोला ते बडनेरा अंतर सुमारे ८० किलोमीटर. एकीकडे घरचे शोधत होते, दुसरीकडे चहावाला विचारत होता; दोघांची गाठ घालून देणारे कुणी नव्हते. तिसऱ्या दिवशी, रोज अमरावतीला नोकरीसाठी जाणाऱ्या आमच्याच वस्तीतल्या एका पोराने ओळखले, म्हणून बाबा घरी आले. सगळ्यांचेच नशीब एवढे चांगले नसते.

वाचकहो, हा म्हातारचळ नव्हे. हा स्मृतिभ्रंश नावाचा मेंदूचा आजार आहे. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचे वर्णन जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी १९०६ साली केले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील शंभरांपैकी सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे. यात कालचे आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचे लख्ख आठवते. म्हणून असे माणूस "घरी जातो" म्हणून निघते, तेव्हा ते आजच्या घरी नव्हे तर बालपणीच्या घरी किंवा जुन्या कामावर निघालेले असते. नावाने हाक मारली तरी ते ओ देईलच असे नाही.

इतर देशांनी यावर उपाय शोधले आहेत. जपानमधील कुशिरो शहरात १९९४ साली पोलीस, टॅक्सीवाले, आकाशवाणी केंद्र यांना जोडणारी साखळी उभी राहिली. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरवलेल्या वृद्धाची माहिती रस्त्यांवरील विजेच्या फलकांवर झळकते. दक्षिण कोरियात २०२१ पासून त्या भागातील लोकांच्या मोबाईलवर संदेश जातो. आपल्याकडेही २०२३ साली सर्वांचे फोन मोठ्याने वाजवून आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी झाली होती. म्हणजे साधन आपल्यापाशी आहे. ते हरवलेल्या म्हाताऱ्यांसाठी वापरण्याची पद्धत तेवढी नाही. ती मागणी आपण केली पाहिजे.

काही वाटा मात्र मोकळ्या झाल्या आहेत. २०१६ साली नागपूर स्थानकावर सापडलेल्या एका दिव्यांग मुलाचे बिहारमधील घर २०२२ साली आधारच्या बोटांच्या ठशांवरून सापडले. मुंबईत 'प्रोजेक्ट चेतना' या उपक्रमातून गळ्यात घालायचे क्यूआर कोडचे पदक दिले जाते. ते मोबाईलने तपासले की घरच्यांशी संपर्क होतो.

पण पदकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. सदऱ्याच्या खिशाच्या किंवा लुगड्याच्या पदराच्या आतून नाव व फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवून टाका. अलीकडचा स्पष्ट फोटो जवळ ठेवा. आज अंगावर कोणते कपडे आहेत, हे सकाळीच पाहून ठेवा. माणूस दिसेनासे झाले तर आधी घराजवळचे नाले, विहिरी, शेते, पडकी घरे पाहा. त्याच वेळी एकाने ११२ वर फोन करावा व पोलीस ठाण्यात नोंद करावी. चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर दुपारचे दोन तासही जिवावर बेततात. रेल्वे पोलीस व एस. टी. स्थानकालाही लगेच कळवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांक आहे.

आणि एक विनंती. बाबा हरवले की सारे सुनेवर तुटून पडतात. रात्रंदिवस पहारा एकट्या बाईने द्यायचा कसा? मुलाने, नातवाने, शेजाऱ्याने पाळ्या वाटून घ्याव्यात. म्हाताऱ्याला कोंडू नये, त्याच्यावर खेकसू नये.

दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाताना आपण लाखोंच्या गर्दीत एकमेकांचे म्हातारे सांभाळतो. ध्वनिक्षेपकावर नाव पुकारले की शंभर डोळे शोधू लागतात. तीच सवय वस्तीत आणू. विहारातील रविवारच्या बैठकीत, महिला मंडळात, ऑटोच्या स्टँडवर अशा बाबांची आणि आजींची ओळख करून द्या. लाज कशाची? ताप सांगतो तसाच हाही आजार सांगायचा.

आमच्या वस्तीतले बाबा आजही पहाटे डबा उचलतात. पण आता कोपऱ्यावरचा दूधवाला विचारतो, "बाबा, कुठी चालले?" आणि गप्पा मारत त्यांना घरापर्यंत आणून सोडतो.