जुनें चाक आणि नवा टायर

मोटारसायकलसारखा विषय या पानांत आलेला पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या घरीं आजोबांची बुलेट किंवा काकांची जावा अद्यापि जिन्याखालीं उभी आहे आणि नातू तिला पुन्हां रस्त्यावर आणूं पाहत आहे, त्या घरीं हा विषय स्वयंपाकघरापर्यंत केव्हांच पोंचलेला असतो. रंग झाला, इंजिन बोलूं लागलें. अडतें तें टायरापाशीं. दुकानदार म्हणतो, "या मापाचा ट्यूबचा टायर आतां येत नाहीं. ट्यूबलेस घ्या, आंत ट्यूब घाला, झालें काम." हें 'झालें काम' कितपत खरें, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

खारी हें गांव भाईंदरच्या पूर्वेस, आणि या पट्ट्यांत खाडी व मिठागरें दूर नाहींत. येथून काशिमीरा गांठून घोडबंदरच्या वाटेस लागणारीं तरुण मुलें आम्ही नित्य पाहतों. रविवारीं मागच्या बैठकीवर पत्नी किंवा धाकटी बहीण असते. अवजड मालमोटारींच्या त्या रांगांमध्यें टायर फुटणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

चाकाची रचना मनांत स्पष्ट असली कीं पुढचें सारें सोपें जातें. संस्कृतांत चाकाच्या मध्यभागास नाभि, तेथून निघणाऱ्या दांड्यांस अर आणि बाहेरील वर्तुळास नेमि म्हणतात. आपल्या गाडीवानाचे तुंबा, आरे आणि पाठ्या त्या ह्याच. त्यांवर लोखंडी धाव. हवेनें भरलेली धाव ही कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें 1845 सालींच पेटंट करून ठेविली होती, पण लोक ती विसरून गेले. पुढें बेलफास्ट येथील गुरांचा डॉक्टर डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं तीच नव्यानें शोधिली, 1888 सालीं पेटंट मिळविलें, आणि नांव त्याचें झालें. (थॉमसनचा हक्क आधींचा म्हणून डनलॉपचें तें पेटंट पुढें रद्द ठरलें, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाहीं.)

जुन्या मोटारसायकलच्या चाकांत आरे म्हणजे पोलादी तारा. प्रत्येक तारेचें टोंक रिमच्या भोंकांत बसविलेल्या लहानशा निपलांत आवळलेलें असतें. अशीं छत्तीस किंवा चाळीस भोंकें जिला आहेत ती रिम हवा धरणार कशी? म्हणून आंत ट्यूब हवी, आणि निपलांचीं टोंकें तिला बोचूं नयेत म्हणून मध्यें रबरी पट्टी हवी. मद्रासेस 1955 सालापासून तयार होऊं लागलेली बुलेट घ्या, किंवा म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांतून 1961 पासून निघालेली जावा घ्या (तो कारखाना 1996 सालीं बंद पडला), दोहोंचीं चाकें याच जातीचीं.

ट्यूबलेसची गोष्ट निराळी. अमेरिकेंतील गुडरिच कंपनीनें 1947 सालीं तो मोटारींसाठीं पुढें आणिला. टायरच्या आंतल्या अंगास ब्यूटिल जातीच्या रबराचा थर असतो. त्यांतून हवा सहसा झिरपत नाहीं. टायरची कड रिमवर घट्ट बसते आणि व्हॉल्व्ह थेट रिमलाच लावलेला असतो. खिळा रुतला तरी रबर त्यास आवळून धरतें, हवा हळूहळू जाते, आणि स्वारास गाडी कडेला घेण्यास अवसर मिळतो. शिवाय अशा रिमला आंतून एक उंचवटा असतो. हवा गेल्यावरही टायरची कड त्यामुळें मधल्या खांचेंत सहजीं घसरत नाहीं.

मग तारांच्या चाकावर ट्यूबलेस टायर ट्यूबसह चालतो काय? चालतो. माप जुळत असेल आणि कंपनीची स्पष्ट मनाई नसेल, तर असा टायर ट्यूब घालून वापरण्यास हरकत नसते. परंतु दुकानदार जें सांगत नाहीं तें हें कीं, ट्यूब घातल्या क्षणीं तो टायर ट्यूबलेस उरत नाहीं. खिळा टायर भेदून ट्यूबला लागला कीं हवा दोहोंमधल्या फटींतून वाट काढून व्हॉल्व्हच्या व निपलांच्या भोंकांतून पळते, आणि ती क्षणार्धांत जाऊं शकते. जुन्या रिमला तो उंचवटाही नाहीं. "ट्यूबलेस आहे, पंक्चरची चिंता नाहीं," असें म्हणून जो मुलगा वेगानें जातो तो नसलेल्या ढालीच्या भरंवशावर जातो. आमच्या मतें टायर महाग कीं स्वस्त यापेक्षां हा गैरसमज अधिक घातक आहे.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. ट्यूब आणि टायरचा आंतला थर एकमेकांवर घांसतात व तापतात. कांहीं ट्यूबलेस टायर आंतून खरबरीत किंवा वळ्यांचे असतात, ते ट्यूबला कातरतात. विकत घेण्यापूर्वीं आंतून हात फिरवून पाहावा. हवा कमी असली कीं ही उष्णता झपाट्यानें वाढते. म्हणून दर आठवड्यास टायर थंड असतांना हवा मोजावी.

बसविण्याच्या कामांतच बहुतेक ट्यूबा मरतात. ट्यूबलेसची कड ताठ असते. पंक्चरवाला जोर करतो आणि पट्टीच्या टोंकाखालीं ट्यूब चिमटते. येथील खाऱ्या वाऱ्यानें रिमच्या पोटांत गंज धरलेला असतो. तो घांसून काढावा, वर आलेलें तारेचें टोंक कानशीनें सपाट करावें, रबरी पट्टी नवी घालावी. ट्यूब नवी आणि नेमक्या मापाची असावी. ताणलेल्या जुन्या ट्यूबला घड्या पडतात. बुलेटचें जुनें माप 3.25-19, जावाचें 3.25-16, नवीन टायरांवर रुंदी मिलिमीटरांत असते, तेव्हां 3.25 इंच म्हणजे सुमारें 82 मिलिमीटर हें ध्यानांत ठेवून जवळचें माप पारखावें. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावावी, थोडी हवा भरून ती गोल करावी, मगच आंत सारावी. कडेला साबणाचें पाणी लावावें, तेल कदापि नको. समोरची कड रिमच्या मधल्या खांचेंत दाबून धरली कीं उरलेली कड फारशा जोराविना चढते. व्हॉल्व्ह एकदां आंत ढकलून पाहावा, म्हणजे कडेखालीं ट्यूब सांपडली आहे कीं काय तें कळतें. पूर्ण हवा भरून ती सर्व सोडावी आणि पुन्हां भरावी. ट्यूबच्या सुरकुत्या यानें निघतात.

व्हॉल्व्हची चकती मात्र रिमला आवळूं नये, वर टोपीपाशीं ठेवावी. ट्यूब आंत सरकूं लागली तर व्हॉल्व्ह तिरपा होतो आणि आपणांस आगाऊ सूचना मिळते. चकती आवळलेली असेल तर ती सूचना न मिळतां व्हॉल्व्हच मुळापासून फाटतो.

कोणी तारांची रिम आंतून चिकटपट्टीनें बंद करून तींत ट्यूबलेस टायर ट्यूबविना चालवितात. उंचवटा नसलेल्या रिमवर हा उद्योग आम्हांस पसंत नाहीं. बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें 1987 सालीं तारांच्या चाकावर ट्यूबलेस बसविला, पण त्यासाठीं तिनें तारा रिमच्या अगदीं कडांना नेऊन जोडल्या, हवेच्या कप्प्यांत भोंकच ठेविलें नाहीं.

सर्वांत उत्तम तो ट्यूबसाठींच केलेला टायर. एका दुकानांत नसणें म्हणजे बाजारांत नसणें नव्हे. महिनाभर थांबून मागविला तर बिघडत नाहीं. तो हातीं येतांच त्याच्या बगलेवरील चार आंकडे वाचावे: 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. जुन्या गाड्यांचे टायर खपत कमी, म्हणून दुकानाच्या माळ्यावर पांच-सहा वर्षें पडून राहिलेला माल नवा म्हणून पुढें केला जातो. रबर वापरल्याशिवायही वाळतें व चिरतें; असा टायर परत करावा.