अकाली प्रसूतीनंतरचे गर्भारपण

३७ आठवडे भरण्यापूर्वीच प्रसूत होऊन, काचेच्या पेटीत नळ्यांनी वेढलेले आपले मूल जिने पाहिले आहे, तिला पुनश्च गर्भधारणेची धास्ती वाटणे स्वाभाविक होय. तथापि पुनरावृत्तीचा संभव इतरांहून अधिक असला, तरी अशा बहुसंख्य स्त्रियांचे पुढील गर्भारपण पूर्ण दिवसांचे होते, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

मागील प्रसूतीचे कागद रुग्णालयाच्या दप्तरातून मागवून, कारण रक्तदाबाचे होते, जंतुसंसर्गाचे होते की गर्भाशयमुखाच्या दौर्बल्याचे, याचा तज्ज्ञांकरवी उलगडा करून घ्यावा. कारण उपाय त्यावरच अवलंबून असतो. दोन वर्षांचे अंतर राखावे, पांडुरोगावर इलाज करावा, तंबाखू व मिश्री वर्ज्य करावी. गर्भ राहिल्यावर सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मोजतात, आणि ती २५ मिलिमीटरहून कमी भरल्यास प्रोजेस्टेरॉन देतात किंवा मुखास टाका घालतात; अशा टाक्याची एक जगन्मान्य पद्धत, गोमंतकात जन्मलेल्या व मुंबईत कीर्ती पावलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी १९५५ साली मांडली, हे मराठी वाचकास अभिमानास्पद आहे.

अकाली प्रसूतीचा दोष मातेच्या माथी मारणे सर्वथा अन्यायाचे आहे. म्हणून पुन्हा मूल हवे की नको, याचा निर्णय पतिपत्नींनी वैद्यकीय सल्ल्याने, परंतु कोणाच्याही दडपणाविना घ्यावा.