चेहऱ्याला हिरडा, पण बेताने

बाळघुटीच्या डबीत हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांच्या शेजारी एक काळा, सुरकुतलेला, लांबट तुकडा असतो. तो बाळहिरडा. सहाणेवर दोन वेढे उगाळायचा, बाळाला चाटवायचा आणि डबी बंद करून ठेवायची. मूल मोठे झाले की डबी माळ्यावर जाते आणि हिरडाही विस्मरणात जातो. चेहऱ्याच्या टोनरचा विचार करताना मात्र ती डबी खाली काढावी, असे मला वाटते.

घरच्या टोनरच्या कृती हल्ली मोबाइलवर रोज येऊन पडतात. गुलाबपाणी, काकडीचा रस, तांदळाचे पाणी, ग्रीन टी. कोणी लिंबू पिळायला सांगते, कोणी सफरचंदाचे व्हिनेगर. त्यात हिरडा क्वचितच दिसतो. टोनरने चेहरा आवळल्यासारखा वाटावा, तेलकट चमक कमी व्हावी, एवढीच बहुतेकांची अपेक्षा असते. हे काम तुरट पदार्थ करतो, आणि तुरटपणात हिरड्याचा हात धरणारे फारसे काही आपल्या स्वयंपाकघरात नाही.

आधी टोनर लागतो कशाला, ते पाहू. त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण ५ च्या आसपास. अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १०. साबणाने तोंड धुतले की तो थर काही तासांसाठी बिघडतो. त्यात पाणी बोअरचे, जड असेल तर साबणाचा चिकट साका चेहऱ्यावर राहतो. हा साका पुसून काढायचा आणि त्वचेला तिच्या मूळ आम्लतेकडे न्यायचे, हे टोनरचे खरे काम. आधी स्वच्छ करा, मग टोनर लावा, मग मॉइश्चरायझर, ही तीन पायऱ्यांची शिस्त १९६८ साली क्लिनिक या अमेरिकी कंपनीने बाजारात आणली आणि पुढे जगभर पसरली. आपल्याकडे दाढी झाल्यावर न्हावी ओल्या गालावर तुरटीचा खडा फिरवायचा, तोही एक टोनरच होता. फक्त त्याला तसे कोणी म्हटले नाही. सौम्य फेसवॉशने तोंड धुणाऱ्या माणसाला टोनरवाचून काही अडत नाही, हेही इथेच सांगून टाकते. आणि टोनरने त्वचेची रंध्रे ‘बंद’ होतात ही समजूत सोडून द्यावी. रंध्रांना उघडायला-मिटायला स्नायू नसतात. तुरट पदार्थाने भोवतालची त्वचा थोडा वेळ आवळते, म्हणून ती लहान दिसतात.

आता हिरडा येतो कुठून, ते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे दोन चेहरे आहेत. पूर्वेला नारायणगाव, आळे, मंचर हा बागायती पट्टा: टोमॅटो, द्राक्षे, कांदा, पाटाचे पाणी. पश्चिमेला घाटमाथा: घाटघर, हातवीज, दुर्गावाडी, आहुपे, तळेघर आणि पार भीमाशंकरपर्यंत. मूळचे आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याला नाव उरले, कचेरी घोडेगावला. या पश्चिम पट्ट्यात भाताच्या खाचरांच्या बांधावर आणि रानात हिरड्याची झाडे आहेत आणि तिथल्या महादेव कोळी कुटुंबांना हातात रोख पैसा देणारे हेच एक मोठे साधन. फळ कोवळे असताना, आत बी धरण्याआधी, उन्हाळ्यात काठीने पाडायचे आणि उन्हात वाळवायचे. वाळले की ते काळे पडते. हाच बाळहिरडा, आणि भाव यालाच जास्त. झाडावर पिकू दिलेला मोठा, पिवळसर हिरडा स्वस्तात जातो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले आणि घाट चढून वर आले. त्यात हिरड्याची झाडे मोडली, फळ गेले. भाताचा पंचनामा करायला सरकारकडे रीत आहे. रानातल्या झाडाच्या फळाचा करायचा कसा, यावरच घोडे अडले. भरपाईसाठी इथल्या आदिवासी शेतकऱ्यांना पुढची काही वर्षे मोर्चे काढावे लागले. शहरात ‘नैसर्गिक’ म्हणून जे विकले जाते, त्यातल्या कितीतरी वस्तूंच्या मुळाशी अशी माणसे असतात. बाटलीवर त्यांचा उल्लेख नसतो.

हिरड्याची सगळी करामत त्यातल्या टॅनिनमध्ये आहे. टॅनिन प्रथिनाला धरून ठेवते, घट्ट करते. कच्चे कातडे कमावून चामडे करायला हिरडा वापरतात तो याच गुणासाठी. इंग्रजी अमदानीत तो बोटी भरभरून विलायतेला जात असे आणि तिथल्या कातडी बाजारात हिरड्याच्या एका प्रतीचे नावच मुळी ‘वेंगुर्ला’ होते. जे कातड्याचे चामडे करते ते गालावर लावायचे, तर मात्रा किती ठेवावी हे वेगळे सांगायला नको. जाड काढा म्हणजे जास्त गुण, हा हिशेब इथे चालत नाही.

कृती सोपी आहे. वाळलेला एक लहान बाळहिरडा, म्हणजे दोनेक ग्रॅम, खलबत्त्यात भरड कुटावा. २०० मिलिलिटर गाळलेल्या पाण्यात, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पाच मिनिटे उकळावा, झाकून गार होऊ द्यावा आणि मलमलच्या दुहेरी फडक्यातून दोनदा गाळावा. तळाचा गाळ बाटलीत येता कामा नये, तो चेहऱ्याला खरखरतो. पातेले लोखंडाचे नको. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) मिळून पूर्वी शाई होत असे, आणि केस रंगवायला त्रिफळा लोखंडी कढईत भिजवतात तोही यासाठीच. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल तर स्टीलच्या पातेल्यातही काढा करडा होतो. पाणी बदलावे.

हे पाणी कापसाने रात्री, धुतलेल्या चेहऱ्यावर, डोळ्यांभोवतीचा भाग सोडून लावावे. पाच मिनिटांनी साध्या पाण्याने धुऊन टाकले तरी चालते. वर नेहमीचे क्रीम हवेच, नाहीतर त्वचा ओढल्यासारखी होईल. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. पांढऱ्या टॉवेलला आणि उशीच्या अभ्र्याला पिवळट डाग पडतात, तेवढे सांभाळावे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज, लाली, पुरळ आले तर विषय तिथेच संपला. मुरमांनी चेहरा भरला असेल, इसब असेल, तर हिरड्याच्या नादी न लागता त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. हिरड्याच्या जंतुरोधक गुणांवर प्रयोगशाळांतून बरेच काम झाले आहे, पण काचेच्या बशीत जे घडते ते गालावर तसेच घडते असे नाही.

कोरड्या त्वचेला हिरडा नकोच. तिथे गुलाबाचा अर्क बरा. मोठ्या पातेल्यात मध्यभागी तिवई, तिवईवर वाटी, भोवती पाकळ्या आणि त्या बुडतील एवढे पाणी. झाकण उलटे ठेवायचे, त्यावर बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून गार होते आणि थेंब थेंब वाटीत पडते. अर्धी-पाऊण वाटी झाली की आच बंद. पुढचे नुसते पाणीच असते. १०० मिलिलिटर अर्कात लहान चमचाभर ग्लिसरीन घातले की झाले. गुलाब मात्र परसातला, वासाचा, न फवारलेला हवा. मावळातल्या पॉलिहाउसमधले लांब देठाचे गुलाब फुलदाणीसाठी असतात. त्यांना वास बेताचा आणि औषधांची फवारणी भरपूर.

अर्क आणि काढा यांत एक मोठा फरक आहे आणि तो बहुतेक कृतींत सांगितलेला नसतो. टॅनिन वाफेबरोबर वर जात नाही. त्यामुळे ऊर्ध्वपातनाने काढलेल्या अर्काला वास येतो, तुरटपणा येत नाही. अमेरिकेत विच हेझल नावाच्या झुडपाचा अर्क टोनर म्हणून शंभराहून अधिक वर्षे खपतो आहे. त्या झाडाच्या सालीत टॅनिन असते, पण बाटलीतल्या अर्कात ते जवळजवळ नसते. चेहरा आवळतो तो त्यात घातलेल्या अल्कोहोलमुळे. तुरटपणा हवा असेल तर काढाच करायला हवा.

काही गोष्टींना सरळ नकार. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, त्वचेला तो फार तीव्र. शिवाय आपले कागदी लिंबू लावून उन्हात गेले तर त्वचा भाजून काळे डाग पडतात, आणि ते कित्येक आठवडे जात नाहीत. खायचा सोडा उलट्या बाजूचा, तोही नको. टोमॅटो चोळण्याचा सल्ला नारायणगावच्या बाजारपेठेजवळ राहणाऱ्यांना स्वस्तातला वाटेल (जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव कडाडले, तेव्हा तो कोणी पाळला असेल असे वाटत नाही). पण त्याचा आणि काकडीचा रस काही तासांत आंबतो आणि सालीवरची फवारणीही सोबत येते.

आंबण्याचीच गोष्ट सर्वात महत्त्वाची. दुकानातला टोनर दोन वर्षे टिकतो तो त्यातल्या परिरक्षकांमुळे. घरच्या पाण्यात ते नसतात, आणि वनस्पतीचा अंश असलेले पाणी जंतूंना आवडते. बाटली काचेची, उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेली असावी. काढा फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. तवंग, बुरशीचा ठिपका, वेगळा वास, काहीही दिसले तर ओतून द्यावा. म्हणून एका वेळी वाटीभरच करावा.

करून पाहिले, आवडले, मैत्रिणींनी मागितले, की बचत गटातून विकायचा विचार येतो. घरी वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. विकण्यासाठी बनवायचे तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. मग टिकाऊपणा, तपासणी, लेबल हे सगळे ओघाने आलेच.

त्यापेक्षा एक सोपे काम करता येण्याजोगे आहे. उन्हाळ्यात भीमाशंकरला किंवा नाणेघाटाकडे जाल तेव्हा वाटेवरच्या गावांत अंगणात हिरडा वाळत घातलेला दिसेल. झाडाचा तोडू नका. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे आणि रानातल्या फळावर हक्क तिथल्या लोकांचा आहे. ज्या बाईने तो पाडला, वाळवला, तिच्याकडूनच पावशेर घ्या, आणि घासाघीस करू नका. वर्षभराच्या टोनरला तेवढा पुरून उरतो.