थायरॉईडचे ऑपरेशन आणि गळ्यावरची छोटी पट्टी

थायरॉईडचे ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायला आलेली माणसे तिच्या गळ्यावरची बोटभर पट्टी पाहून चकित होतात. "एवढे मोठे ऑपरेशन आणि पट्टी एवढीशीच?" कुणी म्हणते, दवाखान्याने काटकसर केली. कुणी सुचवते, वरून घट्ट पट्टा बांधा म्हणजे टाके उसवणार नाहीत. थायरॉईडचे आजार पुरुषांपेक्षा बायकांत बरेच जास्त असतात, त्यामुळे ही चर्चा पुष्कळ घरांत होते. खरे तर पट्टी लहान ठेवण्यामागे रुग्णाच्या जिवाशी निगडित असे कारण आहे.

फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी गळ्याच्या खालच्या भागात, श्वासनलिकेच्या अगदी पुढे असते. सर्जन तिथे त्वचेच्या घडीच्या रेषेत आडवा छेद घेतात. हा छेद स्वित्झर्लंडचे सर्जन थिओडोर कोखर यांच्या नावाने ओळखला जातो. थायरॉईडवरील कामासाठी त्यांना 1909 साली नोबेल पारितोषिक मिळाले होते.

ऑपरेशननंतर साधारण शंभरात एक-दोन रुग्णांना गळ्याच्या आत रक्तस्राव होतो. बहुतेकदा तो पहिल्या 24 तासांत होतो, क्वचित घरी आल्यावरही. साचलेल्या रक्ताचा दाब वाढला की स्वरयंत्राला सूज येते आणि श्वासाची वाट अरुंद होते. घट्ट पट्टा हा रक्तस्राव थांबवू शकत नाही. उलट गळा फुगतो आहे हे तो झाकून ठेवतो. अशा प्रसंगी दवाखान्यात काय करावे, याच्या सूचना ब्रिटनमधील भूलतज्ज्ञ व सर्जन यांच्या संघटनांनी 2022 साली प्रसिद्ध केल्या. त्यातली पहिली पायरी म्हणजे गळ्यावरचे आवरण काढून त्वचा उघडी करणे. म्हणून चांगली पट्टी हलकी हवी, चटकन निघणारी हवी आणि भोवतालचा गळा दिसू देणारी हवी.

पर्याय कोणते?

*गॉज आणि चिकटपट्टी:* स्वस्त, आणि सुरुवातीचा थोडा स्राव शोषून घेते. पण भिजली तर लगेच बदलावी लागते.

*पारदर्शक फिल्म:* प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा. आतली जखम दिसत राहते आणि अंगावर थोडे पाणी घेता येते. घाम येऊन कडा सुटल्या तर ती बदलून घ्यावी.

*कागदी पट्ट्या:* छेदावर आडव्या चिकटवतात. त्या आपोआप गळून पडू द्याव्यात, ओढू नयेत.

*त्वचेचा गोंद:* सर्जन छेदावर औषधी गोंदाचा थर देतात. वर वेगळी पट्टी बहुधा लागत नाही. साधारण 5 ते 10 दिवसांत थर सुटतो. त्यावर मलम किंवा तेल लावले तर तो आधीच विरघळतो.

यांपैकी काय वापरायचे हे सर्जन ठरवतात. चिकटपट्टीने पूर्वी कधी पुरळ उठले असेल, तर ते ऑपरेशनपूर्वीच सांगावे. जखमेवर हळद, टूथपेस्ट, राख असले काहीही लावू नये. "जखमेला हवा लागू द्या, खपली धरू द्या" हा सल्लाही जुना झाला. जॉर्ज विंटर यांनी 1962 साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की फिल्मखाली किंचित ओलसर राहिलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते.

वुजू, गुस्ल आणि ओढणी

वुजूमध्ये गळा धुणे फर्ज नाही, त्यामुळे चेहरा धुताना पाणी खाली ओघळणार नाही एवढे जपले की पुरे. प्रश्न गुस्लचा येतो. पाण्याने जखमेला अपाय होणार असेल, तर बाकीचे अंग धुऊन पट्टीवरून ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसहची, सवलत शरीअतने दिली आहे. हनफी मसलकात एवढे पुरते. शाफई मसलकात, जो आपल्या कोकणी घरांमध्ये पाळला जातो, त्यासोबत तयम्मुमही करतात. तपशील आपल्या आलिमांना विचारावा, पण गुस्लसाठी पट्टी उचकटू नये आणि गोंद खरवडू नये.

दुसरी गोष्ट पडद्याची. भेटायला लोक येतात म्हणून ती बिचारी दिवसभर ओढणी गळ्याभोवती घट्ट लपेटून बसते, पिन लावते, आणि गळ्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. पहिले दोन-तीन दिवस तिला अशी खोली द्या, जिथे परपुरुषांची ये-जा नसेल. घरातल्या एका व्यक्तीने दिवसातून तीन-चार वेळा उजेडात तिचा गळा पाहावा. बाहेर जाताना सैल, मऊ सुती ओढणी घ्यावी, पिन जखमेपासून लांब लावावी.

केव्हा धावायचे?

गळा फुगणे, घट्ट आवळल्यासारखे वाटणे, श्वास किंवा गिळणे कठीण होणे, जीव घाबरा होणे: यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णाला बसते ठेवा आणि 108 ला फोन करा. लाली पसरणे, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या येत असतील तर तेही लगेच कळवा. त्याचा पट्टीशी संबंध नाही, रक्तातले कॅल्शियम कमी झाल्याची ती खूण असू शकते.

जखम पूर्ण भरल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने सिलिकॉन जेल किंवा सिलिकॉनची पट्टी काही महिने वापरता येते. व्रण फिका व्हायला वर्षभरही लागते, तोवर त्याला उन्हापासून जपावे. घरात कुणाचे व्रण जाड, उंचावलेले होत असतील तर हे आधीच सांगितलेले बरे.

घरी सोडताना डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा आणि उत्तरे कागदावर लिहून घ्या: ही पट्टी कधी काढायची, पाणी कधीपासून चालेल, आणि रात्री अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?